मुंबईतील माडांचीं आगरें

समुद्रांतून वर आलेलें डोंगराळ बेट, त्याच्या उतारावर द्राक्षांचे मळे, मळ्यांच्या पायथ्याशीं एखादें जुनें गांव, आणि त्या गांवाच्या तळघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलें मद्य, हें चित्र युरोपांतील प्रवासवर्णनें वाचणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचें आहे. पोर्तुगीजांनीं पंधराव्या शतकांत वसविलेलें मदेरा बेट हें त्याचें नामांकित उदाहरण होय. तेथील डोंगर सहा हजार फुटांहून उंच आहेत. त्यांच्या अंगावर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें केलेलीं आहेत आणि त्यांत द्राक्षवेली लावलेल्या आहेत. हिंदुस्थानाकडे येणारीं जहाजें वाटेंत तेथें थांबून मद्याचीं पिंपें भरून घेत, आणि उष्ण कटिबंधांतील उकाड्यांतून फिरून आलेलें तेंच मद्य अधिक रुचकर होतें असा अनुभव व्यापाऱ्यांस आला. अशा स्थळांस भेट देण्याची हौस आतां आपल्याकडेहि उत्पन्न झाली आहे. नाशिकच्या बाजूचे द्राक्षमळे पाहावयास सुटीच्या दिवशीं सहकुटुंब जाणारीं माणसें थोडीं नाहींत.

परंतु ज्या बेटावर आपल्यांपैकीं पुष्कळांचीं बिऱ्हाडें आहेत, तें मुंबई बेटच एके काळीं या जातीचें स्थळ होतें, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. येथें वेल नव्हती, माड होता. आणि द्राक्षासवाच्या ठिकाणीं माडी होती. तथापि जमिनीचा कस, झाडाची निगा, कुशल कारागिरांची जात, सरकारचा कर आणि गांवाचा संसार हीं सारीं एकाच पेयाभोंवतीं गुंफलेलीं असणें, हें जें द्राक्षांच्या गांवाचें लक्षण, तें गिरगांव, माहीम, परळ आणि वरळी या गांवांसहि लागू होतें. मदेरा आणि मुंबई हीं दोन्ही बेटें एकाच वेळीं एकाच राजाच्या छत्राखालीं होतीं हा योगायोगहि लक्षांत घेण्यासारखा आहे.

मुंबईस डोंगराळ म्हटलें तर कोंकणांतला मनुष्य हंसेल. पण ज्या काळाविषयीं आम्ही बोलत आहों, त्या काळीं मुंबई हा सात लहान बेटांचा पुंजका होता, आणि मलबारची टेकडी, खंबाला, वरळी, डोंगरी, माझगांव, शीव या उंचवट्यांचें महत्त्व आजच्याहून किती तरी अधिक होतें. भरतीचें पाणी मधल्या सखल भागांत शिरून पसरे; कोरडी जमीन अशी टेकड्यांचीच काय ती, आणि समुद्रकांठच्या पुळणीची. इ. स. १६७३ मध्यें मुंबईस आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याला मलबारची टेकडी म्हणजे खडकाळ आणि झाडीनें भरलेला एक पर्वतच वाटला. त्यानें पाहिलेल्या गांवांतील घरें ठेंगणीं आणि माडांच्या झावळ्यांनीं शाकारलेलीं होतीं. पुळणीवर माड, कोरड्या जमिनीवर ताड, आणि खाजणांत भात किंवा मीठ, अशी या बेटाची स्थूल वांटणी होती.

ही बागायत कोणीं आणि केव्हां केली? राजवाड्यांनीं १९२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरींत आणि तिच्याशीं जुळणाऱ्या इतर आख्यानांत बिंबराजाचें नांव येतें, आणि त्याच्याबरोबर आलेल्या कुळांनीं माहीमची वस्ती उभी केली असें परंपरा सांगते. या राजाच्या काळाविषयीं आणि त्याच्या माहीमच्या स्थळाविषयीं पंडितांत मतभेद आहेत. त्या वादांत न शिरतां एवढें म्हणतां येतें कीं, पोर्तुगीज येण्यापूर्वींच या किनाऱ्यावर आगरें होतीं, आणि तीं राखणारे पाठारे, वाडवळ, भंडारी हे लोकहि होते. मासे धरणारे कोळी आणि मीठ पिकविणारे आगरी हे त्यांचे शेजारी.

पोर्तुगीज अमदानींतील या बेटाचा सर्वांत विद्वान भोगवटादार म्हणजे गार्सिया द ओर्ता हा वैद्य. सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबईचें बेट त्याला राजाकडून कायम खंडानें मिळालें होतें. त्याचा औषधिविषयक संवादरूप ग्रंथ गोव्यास १५६३ मध्यें छापला गेला. त्यांत माडावर एक स्वतंत्र संवाद आहे. नारळासाठीं राखलेले माड निराळे आणि रसासाठीं राखलेले निराळे. त्या रसास ‘सूर’ म्हणतात. तो ऊर्ध्वपातन करून तीव्र मद्य काढतात, आणि त्याच्या पहिल्या धारेस ‘फूल’ असें नांव आहे, इत्यादि माहिती त्यानें दिली आहे. गोव्यांत ‘सूर’ हा शब्द आजहि याच अर्थानें चालतो. आपल्या मुंबईच्या मिळकतींत वर्षांतून दोनदां फळणारा आंबा होता असेंहि तो सांगतो. या वैद्याच्या दृष्टीनें माड ही कुतूहलाची वस्तु होती, निंदेची नव्हे.

माडी काढण्याची रीति येथें थोडी विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण तिच्यांत किती कौशल्य आहे याची कल्पना शहरांतील वाचकांस क्वचितच असते. माडाच्या शेंड्याशीं नारळाचा फुलोरा एका जाड आवरणांत मिटलेला असतो. त्यास पोय म्हणतात. ती उमलण्यापूर्वींच भंडारी तिला दोरानें घट्ट बांधतो आणि रोज हलक्या हातानें ठोकतो. हे ठोके जोराचे पडले तर पोय फुटते, आणि हलके पडले तर रस सुटत नाहीं. कांहीं दिवसांनीं तो आपल्या धारदार आउतानें पोयीच्या टोंकाचा पातळ काप काढतो आणि खालीं मडकें बांधतो. यापुढें रोज दोन-तीन वेळां झाडावर चढून नवा काप काढावा लागतो, नाहीं तर जखम सुकते आणि धार बंद होते. खोडाला पाडलेल्या खांचांवर पाय ठेवून, कमरेला आउत आणि पाठीशीं भोपळ्याचें पात्र घेऊन, पन्नास-साठ फूट उंच चढावें, आणि असें एकाच दिवसांत अनेक झाडांवर करावें, हा त्याचा नित्यक्रम. पावसाळ्यांत खोड निसरडें होतें आणि वारा शेंड्याला हेलकावे देतो. पण झाडाला सुटी नसते, म्हणून भंडाऱ्यालाहि नसते.

सूर्योदयापूर्वीं उतरविलेला ताजा रस गोड आणि निर्मद असतो; तीच नीरा. मडक्यास आंतून चुना लावला तर तो गोडवा कांहीं काळ टिकतो. एरवीं हवेंतील आणि मडक्यांतील किण्व त्यावर लगेच काम करूं लागतें. दुपारपर्यंत त्याची माडी होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ती आंबून तिचा शिरका होतो. ताडापासून ताडी आणि शिंदीच्या झाडापासून शिंदी निघते, तीहि साधारण याच रीतीनें. यांतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, ज्या पोयीची माडी काढली, तिला नारळ येत नाहींत. म्हणून प्रत्येक आगरवाल्याला नारळ कीं माडी हा निर्णय झाडागणिक करावा लागे, आणि रोजचा पैसा देणारी माडी पुष्कळदां नारळावर मात करी. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, ही कीं, माडी टिकत नाहीं.

द्राक्षासव वर्षानुवर्षें राहतें. तें दूर जातें, त्याला गांवाचें नांव लागतें, आणि त्या नांवाला किंमत येते. मदेराची कीर्ति जगभर झाली ती तेथील पिंपांमुळें. माडीचें आयुष्य एका दिवसाचें. ती काढली त्याच गांवांत, हांकेच्या अंतरावर, त्याच दिवशीं संपली पाहिजे. तिला तळघर नाहीं, म्हणून तिला वय नाहीं. वय नाहीं म्हणून प्रतिष्ठा नाहीं. गिरगांवची माडी माहीमच्या माडीहून सरस होती कीं नव्हती, हें आज कोणीहि सांगूं शकणार नाहीं. मुंबईच्या या व्यवसायाचा इतिहास लिहिला गेला नाहीं याचें एक कारण आमच्या मतें हेंच आहे: ज्या वस्तूचा सांठा होत नाहीं, तिचा दप्तरांत उल्लेख होतो तो केवळ कराच्या निमित्तानें.

आणि कर मात्र प्रत्येक राजवटीनें घेतला. १६६१ च्या तहानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण म्हणून मिळाली, १६६५ मध्यें ती प्रत्यक्ष ताब्यांत आली, आणि १६६८ मध्यें राजानें ती सालीना दहा पौंडांच्या खंडावर कंपनीस देऊन टाकली. त्या वेळच्या उत्पन्नाच्या बाबींत नारळ आणि मद्याचे गुत्ते या स्वतंत्र बाबी आहेत. बेट निरोगी नाहीं अशी तक्रार झाली तेव्हांहि बोट माडाकडेच गेलें. आगरांतील झाडांच्या बुंध्याशीं मासळीचें खत घालण्याची येथें जुनी चाल होती. तें खत कुजून हवा बिघडते आणि गोरे लोक तापानें मरतात असें इंग्रज ग्रंथकारांनीं लिहिलें, आणि कंपनीनें ती चाल बंद करण्याचा प्रयत्न केला. डांसाचा आणि हिंवतापाचा संबंध कळण्यास अजून दोनशें वर्षें अवकाश होता. खरा दोष सांठलेल्या पाण्याचा असतां आरोप बिचाऱ्या आगरांवर आला.

भंडाऱ्यांच्या हातीं केवळ आउत होतें असें मात्र नव्हे. फ्रायरच्या काळीं मुंबईच्या गव्हर्नराच्या दिमतीस सोटे घेतलेले भंडारी शिपाई असत. शेरीफाच्या मिरवणुकीपुढें भोंगळी नांवाची लांब तुतारी वाजविण्याचा मान त्यांच्याकडे होता, अशीहि नोंद आढळते. इकडे मुंबईच्या बंदराच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरीवर १६७९ मध्यें शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें तटबंदी करून इंग्रजांस तोंड देणारा मायनाक हाहि भंडारीच. उंच झाडावर वाऱ्यांत तोल सांभाळणारा मनुष्य गलबताच्या डोलकाठीवर चढण्यास भिणार नाहीं, हें कोणासहि समजण्यासारखें आहे. एकाच समाजाचे लोक इंग्रजांच्या पहाऱ्यावरहि होते आणि मराठ्यांच्या आरमारांतहि होते, यावरून या किनाऱ्याचा खरा आधार कोणता होता तें दिसून येतें.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत शहर कोटाबाहेर पसरूं लागलें, आणि आगरांचीं घरें होऊं लागलीं. १८०३ मध्यें कोटांत मोठी आग लागली, तेव्हांपासून ही गति विशेष वाढली. गोविंद नारायण माडगांवकरांनीं १८६३ मध्यें ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध केलें, तोंपर्यंत जुन्या बेटाचें रूप पुष्कळच पालटलें होतें. तरी नांवें राहिलीं. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, जांभूळवाडी, बोरभाट, मुगभाट, खेतवाडी, माझगांवची नारळवाडी, हीं नांवें उच्चारतांना आपण आपल्या नकळत एका जुन्या बागायतीची यादीच वाचीत असतों. ‘भाट’ हा शब्द तर मुंबईच्या बोलण्यांतून गेला. पण गोव्यांत तो अजून आगराच्या अर्थानें जिवंत आहे. ताडदेव या नांवांत ताड आहे असें मानतात. आणि त्याच ताडदेवास १८५४ मध्यें कावसजी दावर यांनीं मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. दोन वर्षांनीं ती चालूं झाली. ताडाच्या जागीं धुराडें उभें राहिल्याचें याहून ठळक उदाहरण सांपडणें कठिण.

या जुन्या बेटाच्या खुणा पाहाव्या म्हणून आम्ही मध्यंतरीं गिरगांवापासून माहीमपर्यंत मुद्दाम पायीं हिंडून आलों. माझगांवची भंडारवाडा टेकडी ही त्यांतील सर्वांत बोलकी जागा वाटली. या टेकडीवर इंग्रजांचा लहानसा किल्ला होता. सिद्दी याकूतखानानें १६८९-९० च्या स्वारींत तो उध्वस्त केला. पुढें १८८४ मध्यें तेथें पाण्याचा मोठा हौद बांधण्यांत आला, आणि त्या हौदावरील बागेस माझगांवचेच सुपुत्र, लोकमान्यांचे सहकारी जोसेफ बाप्टिस्टा यांचें नांव देण्यांत आलें. बागेंतून पूर्वेस बंदर दिसतें, गोद्या दिसतात. पण ज्या लोकांचा वाडा या टेकडीच्या नांवांत राहिला आहे, त्यांच्याविषयीं विचारलें असतां सहज कांहीं सांगूं शकणारा मनुष्य आम्हांस तेथें भेटला नाहीं. परळ-लालबागेंत बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागीं आतां मनोरे चढले आहेत. माहीमच्या झाडीची एकोणिसाव्या शतकांत ख्याति होती. तिच्यापैकीं किनाऱ्यालगतचे थोडे माड काय ते उरले आहेत. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्यें स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टानें दादर-माटुंग्याच्या बाजूस रुंद रस्त्यांची नवी वस्ती आंखली, आणि मध्यमवर्ग तिकडे राहावयास गेला. १९२५ मध्यें खुलें झालेलें माहीमचें मैदान १९२७ पासून शिवाजी पार्क म्हणून ओळखलें जातें.

यावरून असें वाटेल कीं, माडीचा धंदा शहराच्या वाढीनें आपोआप संपला. तें पूर्णपणें खरें नाहीं. जमिनीचा भाव हें एक कारण. पण सरकारचें अबकारी धोरण हें त्याहून सूक्ष्म आणि अधिक खोल जाणारें कारण होतें. १८७८ च्या अबकारी कायद्यानें परवान्यावांचून झाड छेदणें, मद्य करणें आणि विकणें हे सर्व गुन्हे ठरले. झाडागणिक कर बसला. पूर्वीं जो भंडारी आपण काढलेली माडी आपल्याच झोंपडीपुढें विकीत असे, तो आतां मक्तेदाराच्या दुकानासाठीं झाडें चढणारा मजूर होऊं लागला. आणि याच काळांत मोहाच्या फुलांची दारू उरणच्या भट्ट्यांतून मुंबईंत येत होती. गिरणीच्या दारांत उभ्या असलेल्या पिठ्याला ती अधिक सोयीची. ती टिकते, सांठवितां येते, आणि तिच्या थोड्या मापांत अधिक कैफ असतो. बारा-बारा तास यंत्रापुढें उभें राहून आलेल्या मजुरास दारूनें जें केलें, त्याचें वर्णन येथें नको. त्याच्या बायकामुलांच्या दुःखांतूनच मद्यपाननिषेधाची चळवळ या शहरांत वाढली, आणि १९३० मध्यें दारूच्या दुकानांपुढें निरोधन करावयास ज्या स्त्रिया उभ्या राहिल्या, त्यांच्या धैर्याविषयीं आम्हांस नितांत आदर आहे.

खेर मंत्रिमंडळानें १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबईंत दारूबंदी सुरू केली. पुढें न्यायालयाच्या निर्णयानें आणि मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानें ती ढिली पडली. परंतु स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला, आणि १९५० पासून ती संपूर्ण झाली. कायद्याच्या दृष्टीनें भट्टीची दारू आणि माडाची माडी यांत मूलतः भेद राहिला नाहीं. माड चढणाऱ्यास नीरेचा मार्ग दाखविण्यांत आला, आणि तो उद्देशानें चांगलाहि होता. पण सकाळीं उतरलेली नीरा सकाळींच खपली पाहिजे. शहरांतील झाडें तर आधींच गेलेलीं. पिढ्यान्‌पिढ्यांचें हातचें कौशल्य अशा रीतीनें निराधार झालें.

येथें एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ज्या समाजाचा हा धंदा होता, तो धंद्याबरोबर बुडाला नाहीं. रावबहादुर सीताराम केशव बोले हे याच समाजांतील. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्या असा ठराव त्यांनीं १९२३ मध्यें मुंबईच्या कायदे कौन्सिलांत मांडला आणि संमत करून घेतला. दादरचा एक रस्ता त्यांच्या नांवानें आहे. भागोजीशेठ कीरहि याच समाजांतील. रत्नागिरीहून मुंबईस आलेल्या या गृहस्थांनीं इमारतीच्या कंत्राटांत मिळविलेल्या द्रव्यांतून रत्नागिरीचें पतितपावन मंदिर १९३१ मध्यें उभें राहिलें, आणि दादरची स्मशानभूमि त्यांच्याच औदार्याची खूण आहे. माडीच्या नांवानें नाक मुरडणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या वडीलधाऱ्यांस शेवटची विश्रांति या भंडारी गृहस्थाच्या दानामुळें लाभली आहे, हें त्या कुटुंबांनीं विसरूं नये.

आतां प्रस्तुत काळाकडे पाहूं. १९४९ चा कायदा पुढें शिथिल होत गेला, तरी तो रद्द झालेला नाहीं. २००१ मध्यें राज्य सरकारनें द्राक्षापासून वाईन करण्याच्या उद्योगास उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें आणि करांत सवलती दिल्या. द्राक्षें पिकविणाऱ्या शेतकऱ्याचें हित त्यांत पाहिलें गेलें, आणि तें योग्यच होतें. परंतु मग सहज प्रश्न येतो: द्राक्षाचा आंबलेला रस हा शेतीचा उद्योग, आणि माडाचा आंबलेला रस हें हलक्या लोकांचें व्यसन, हा भेद कशावर आधारलेला आहे? मद्यांशाच्या दृष्टीनें पाहिलें तर माडी द्राक्षमद्याहून सौम्य असते. भेद आहे तो पिणाऱ्याच्या वस्त्रांत आणि पेल्याच्या कांचेंत. मद्यपान वाईट असेल तर तें दोन्हीकडे वाईट. आणि एखाद्या पेयामागील श्रम व परंपरा आदरास पात्र असतील तर त्याहि दोन्हीकडे सारख्याच.

माडी पुन्हां सुरू व्हावी असें आमचें म्हणणें नाहीं. या बेटावर आतां तेवढे माड नाहींत, आणि दारूनें उद्ध्वस्त झालेलीं घरें आम्हीहि पाहिलीं आहेत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मुंबईचा इतिहास म्हणजे किल्ला, गोदी आणि गिरणी एवढाच नव्हे. त्याच्या आधीं एक आगर होतें, आणि त्या आगरांत झाडावर चढणारा एक मनुष्य होता. पोय कशी बांधावी, किती ठोके द्यावे, काप कोणत्या कोनानें काढावा, हें ज्यांना हातानें ठाऊक आहे, असे वृद्ध वसईच्या, पालघरच्या आणि दक्षिण कोंकणच्या किनाऱ्यावर अजून भेटतात. त्यांचे शब्द आणि त्यांचीं हत्यारें यांची नोंद करून ठेवणें हें काम फार खर्चाचें नाहीं. गिरगांव-दादरच्या ज्या कुटुंबांत जुनीं खरेदीखतें आहेत, त्यांनीं तीं एकदां उघडून पाहावीं. ज्या जमिनीवर आपली चाळ उभी आहे तेथें किती माड होते आणि ते कोणाच्या निगेंत होते, याचा उल्लेख त्यांत मिळाला, तर तो कागद वाळवीच्या स्वाधीन न करतां एखाद्या संग्रहालयाच्या स्वाधीन करावा, एवढी आमची विनंति आहे.